एक मे : राज्याचा दिवस, बायकांचा दिवस

(महाराष्ट्र दिनानिमित्त विठ्ठलवाडी इथे वस्तीतल्या बायकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. थोडं संक्षिप्त करून देत आहोत.)



आज महाराष्ट्र दिन. सकाळी झेंडावंदन झालं, कचेऱ्या आणि बँका बंद आहेत. पण इथं बसलेल्यांपैकी किती जणींना आज सुट्टी आहे? चार घरची धुणीभांडी उरकून आलेल्या इथं आहेत. जीन्सचे धागे कापायचे गठ्ठे घरी ठेवून, परत जाऊन कापायला बसणाऱ्याही आहेत. तेव्हा आधी विचारू या, की हा दिवस आला कुठून आणि त्यात आपला वाटा कोणता?

एक मे हा दोन लढ्यांचा दिवस. 1886 साली शिकागोच्या कामगारांनी आठ तासांच्या कामासाठी संप केला, म्हणून तो कामगार दिन. आणि 1960 साली याच दिवशी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं. ते कुणी आयतं हातावर ठेवलं नाही. 21 नोव्हेंबर 1955 ला मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी 1956 मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचं जाहीर झालं, तेव्हा पुन्हा लोक रस्त्यावर आले, पुन्हा गोळ्या चालल्या. या आंदोलनाचे 106 हुतात्मे आपण मोजतो.

त्या चौकाला आज हुतात्मा चौक म्हणतात. तिथल्या स्मारकात मशाल धरलेले दोघे आहेत, एक शेतकरी आणि एक कामगार. दोघेही पुरुष. पण हुतात्म्यांची यादी वाचा. त्यात एक नाव आहे कमलाबाई मोहिते, गाव निपाणी. मराठी भाषकांच्या राज्यासाठी या बाईचा जीव गेला. ते राज्य झालं, पण तिचं निपाणी त्यात आलं नाही. ते आजही कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात आहे. महाराष्ट्र दिनाला जेव्हा आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा एवढं तरी लक्षात ठेवू या.

अहिल्याताई रांगणेकर, तारा रेड्डी अशा कितीतरी जणी या लढ्यात होत्या. पुढे 1972 मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि लाटणी घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हाही या दोघी मृणालताई गोरे आणि प्रमिलाताई दंडवते यांच्याबरोबर पुढे होत्या. म्हणजे राज्यासाठी लढलेल्या बायका राज्य मिळाल्यावर घरी बसल्या नाहीत. आता आपलंच सरकार आहे, तर तेल-साखरेचा जाब त्यालाच विचारू, असं त्यांनी मानलं.

आपल्या भाषेचं राज्य कशाला हवं होतं? कचेरीत, कोर्टात, चौकीत साध्या माणसाला आपलं म्हणणं आपल्या बोलीत मांडता यावं आणि उत्तरही समजावं म्हणून. 1964 साली राजभाषेचा कायदाही झाला. पण मार खाल्लेली बाई चौकीत जाते, तेव्हा काय होतं? ती मराठीतच बोलते, समोरचाही मराठीच असतो, तरी तिचं ऐकलं जात नाही. ‘घरचं भांडण आहे, घरी मिटवा’ हे वाक्यही शुद्ध मराठीतच असतं! भाषा एक झाली म्हणून सत्ता एक होत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आपली वस्ती तर हद्दीवरची. एकीकडे कल्याण-डोंबिवली महापालिका, दुसरीकडे उल्हासनगर. ‘ही आमची हद्द नाही’ हे ऐकून कितीजणी परत आल्या असतील! म्हणून नीट ऐका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही. तोंडी सांगितलेलं त्यांनी लिहून घ्यायचं, तुम्हाला वाचून दाखवायचं आणि मग सही घ्यायची. त्याची प्रत फुकट मिळते. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा उठवू नका.

आता एक अवघड गोष्ट बोलते. रुळांपलीकडे उल्हासनगर आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथल्या लष्करी छावणीत आणून ठेवलं, त्यातून हे शहर झालं. त्यांची भाषा 1967 साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, पण भाषेचं राज्य त्यांना कधीच मिळालं नाही. आपल्या चाळीत उत्तरेकडून आलेल्या बायकाही आहेत. मराठी शिकायला त्यांना आपण जरूर मदत करू, पोरांना शिकवतो तशी, मायेनं. पण त्यातली एखादी रडत चौकीत गेली आणि ‘आधी मराठीत बोल’ म्हणून तिला हाकललं, तर त्यात महाराष्ट्राचा कसला मान? आपल्या भाषेत आपलं ऐकलं जावं म्हणून ज्यांनी गोळ्या झेलल्या, त्यांचं नाव घेऊन दुसरीचं तोंड बंद करता येणार नाही. तिच्याबरोबर दुभाषी म्हणून आपल्यातली एक जाईल.

आता नावाबद्दल. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा नियम महाराष्ट्र सरकारनं केला. तारीख मुद्दाम महाराष्ट्र दिनाची. नऊ महिने पोटात वागवून जिचा कागदावर पत्ता नसायचा, तिला जागा मिळाली. वस्तीत कुणी बाळंत झाली, तर दाखल्यावर तिचं नाव आलंय का, हे आपण बघायचं. सासरी कुणी कुरकुर केली, तर नियम दाखवायचा.

आणि सुट्टी. दुकानं व आस्थापनांच्या 2017 च्या कायद्यात एक मेची पगारी सुट्टी आहे. पण ती मोठ्या दुकानांना, कचेऱ्यांना. घरकामगार त्यात नाहीत, घरी बसून धागे कापणारीही नाही. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला, पण त्यानं हक्काची सुट्टी दिली नाही. कामगार दिनाला ज्या कामगारांना सुट्टी नाही, त्या बहुतेक बायकाच आहेत.

म्हणून आज ठरवू या. पुढच्या एक मेला इमारतीतल्या सगळ्या कामवाल्या एकदम सुट्टी घेतील आणि पगार कापू देणार नाहीत. एकटी मागेल तर तिचं काम जाईल, चाळीसजणी मागतील तर मालकिणींना विचार करावा लागेल. आजच प्रत्येकीनं आपल्या इमारतीतल्या बायकांची यादी करायला घ्यायची. मालकिणींशी मार्चपासून बोलायला लागायचं, म्हणजे ऐनवेळी कुणाची अडचण होणार नाही.

यादीची वही इथं ठेवली आहे. जाताना नाव घाला. आपलं, आणि त्याच्यापुढे आईचं.