मिटल्या पापणीआडचा उजेड

अध्यक्ष महोदय, पाहुणे शास्त्रज्ञ आणि दूरदूरच्या प्रयोगशाळांतून आलेले विद्यार्थी, चेन्नईत सर्वांचे मनापासून स्वागत!

हे स्वागत मराठीत होत आहे, आणि त्यात स्वागत समितीला परकेपणा वाटत नाही. तंजावरच्या मराठा राजघराण्यातील सरफोजीराजांचे काही शिक्षण याच शहरात, तेव्हाच्या मद्रासेत झाले. नेत्ररोग्यांच्या नोंदी आणि आजारी डोळ्यांची रंगीत चित्रे त्यांनी करवून घेतली. त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने हा ठेवा जपला आहे.

त्या चित्रांची आठवण आज उगाच निघालेली नाही; या परिषदेचा विषयही डोळ्यांपर्यंत पोचला आहे. २०१९ साली चीन आणि अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांच्या डोळ्यांत, दृष्टिपटलामागे, नॅनोस्फटिक सोडले आणि उंदरांना अवरक्त प्रकाशातल्या आकृत्या ओळखता आल्या. २०२५ मध्ये त्याच प्रकारचे स्फटिक कॉन्टॅक्ट लेन्समध्ये आले. लेन्स घातलेल्या माणसांना अवरक्त दिव्याची उघडझाप दिसली. डोळे मिटल्यावर तर अधिक स्पष्ट, कारण पापणीतून साधा उजेड अडतो, अवरक्त मात्र बराचसा पार जातो. अजून त्यासाठी दिवा प्रखर लागतो, हेही खरे.

हे घडते कसे? चमकणाऱ्या पदार्थांची रीत स्टोक्सने १८५२ मध्ये सांगितली होती: जेवढ्या ऊर्जेचा प्रकाश घ्यायचा, त्याहून कमी ऊर्जेचा परत द्यायचा. या स्फटिकांत जे अपकन्व्हर्जन होते, त्यात हा उतार चढ होतो. यटर्बियमचा आयन ९८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश टिपतो आणि मिळालेली ऊर्जा शेजारच्या एर्बियमच्या हवाली करतो. एर्बियम मधल्या पायरीवर थांबतो. तेवढ्यात दुसरा वाटा येऊन पोचतो, एर्बियम वरच्या पायरीवर चढतो आणि उतरताना हिरवा प्रकाश देतो. मधल्या पायरीवरचा हा थांबा, काही मिलिसेकंदांचा, अणूंच्या हिशेबात फार दीर्घ; सारी किमया त्याचीच. फ्रान्सच्या ओझेल यांनी ऊर्जेची ही देवाणघेवाण १९६६ मध्ये दाखवली. सोडियम यट्रियम फ्लोराइडचे घर या आयनांना मानवते, कारण त्या जाळीची कंपने मंद असतात आणि ऊर्जा उष्णतेत सहज वाया जात नाही.

नॅनो आकारात मात्र गळती सुरू होते. स्फटिक जितका लहान, तितके अधिक आयन पृष्ठभागालगत, आणि ऊर्जा तिथूनच निसटते. म्हणून त्यावर कवच चढवतात. तरीही पदरात पडणारा प्रकाश थोडाच. स्वागत समितीच्या मते या परिषदेचा सर्वाधिक वेळ याच प्रश्नाला मिळायला हवा.

दुसरी अडचण पाण्याची. ९८० नॅनोमीटरचा प्रकाश पाणी शोषते, त्यामुळे शरीरातल्या पेशी तापतात. निओडिमियम ८०८ नॅनोमीटरचा प्रकाश टिपून यटर्बियमला पुरवतो आणि पाण्याचा हा अडथळा बराच टळतो. हा निओडिमियम कन्याकुमारी जिल्ह्यातल्या मणवाळकुरिचीच्या मोनाझाइट वाळूत आहे. यटर्बियम, एर्बियम तिथे अगदी थोडे. पण या एका दुव्याचा कच्चा माल तमिळनाडूच्याच किनाऱ्यावर आहे, याचा समितीला अभिमान वाटतो.

प्रकाशाचेच अभ्यासक सी. व्ही. रामन मरीना किनाऱ्यासमोरच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकले. १९०७ मध्ये ते तिथून एम. ए. झाले. संध्याकाळी पाहुण्यांनी तिकडे जरूर चक्कर मारावी.

पुढच्या रांगा विद्यार्थ्यांसाठी राखल्या आहेत. सभागृहाबाहेर फिल्टर कॉफी तयार आहे.