गडहिंग्लजचा सामना
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संस्थेच्या व्यासपीठावर विद्वानांची भाषणे होतात. मी विद्वान नाही. आयुष्यभर प्राथमिक शाळेत खडू झिजवला आणि उरलेला वेळ फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला उभे राहून घसा बसवला. कार्यवाह मला म्हणाले, “सर, खेळ आणि शिक्षण या विषयावर दोन शब्द बोला.” या विषयावर उपदेश करणारे पुष्कळ आहेत. मी आपल्याला एका दिवसाची हकीकत सांगणार आहे. त्या दिवशी मी सामना पाहायला गेलो आणि शिक्षक होऊन परत आलो.

आम्ही कोल्हापूरकर. कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा खेळ आहे. कुस्तीच्या तालमीतल्या पोरांनीच पुढे फुटबॉलचे संघ काढले. त्यामुळे संघ जिंकला की पेठ जिंकते आणि हरला की पेठेत त्या रात्री चूल उशिरा पेटते. तालमीत गणपतीही बसतो आणि मोहरमचा पंजाही बसतो. तेथे संघात कोण कोणत्या घरचा हे विचारण्याची पद्धत आमच्या लहानपणी नव्हती. चेंडू अडवतो का, एवढेच विचारत.

आमच्या घरी फुटबॉलचे आणखी एक वेड होते. वडील कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगच्या गोष्टी सांगत. १८९१ साली स्थापन झालेल्या या क्लबाने १९३४ साली कलकत्ता लीग प्रथम जिंकली आणि १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे ती हातची जाऊ दिली नाही. १९४० च्या डिसेंबरात त्यांनी दिल्लीला व्हाइसरॉयच्या देखत रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून ड्युरँड कप घेतला. तो कप घेणारा पहिला हिंदी संघ हाच. त्याच्याही आधी, २९ जुलै १९११ रोजी, मोहन बागानच्या खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला नमवून आय. एफ. ए. शील्ड घेतली होती. त्यांच्यातील एकाच्याच पायात बूट होते. वडील दोन्ही गोष्टी सारख्याच अभिमानाने सांगत. मोहमेडन आपले आणि मोहन बागान दुसऱ्यांचे, असे त्यांनी कधी शिकवले नाही.

आता त्या दिवसाकडे येतो. साल १९७८, फेब्रुवारीतला एक रविवार. गडहिंग्लजला आमच्या पेठेच्या संघाचा उपान्त्य सामना तेथल्याच संघाशी होता. गडहिंग्लज हे फुटबॉलचे गाव आहे. तेथे जाऊन तेथल्या संघाला हरवणे सोपे नव्हते. शिवाय आमच्या पेठेत एक बातमी पसरली होती. मुंबईच्या एका कंपनीच्या संघाचे गृहस्थ हा सामना पाहायला येणार होते, आणि ते येणार होते आमच्या गोलीसाठी.

हा गोली माझ्याच मोहल्ल्यातला, माझ्याच वयाचा. त्याचे नाव मी सांगत नाही. त्याची नातवंडे आज शाळेत जातात. उंच, हाताचे पंजे सुपासारखे. दिवसभर मोटारीच्या गॅरेजात काम करायचा आणि संध्याकाळी सराव. आधीच्या सामन्यात त्याने असा खेळ केला की वर्तमानपत्रात त्याचे नाव छापून आले. पेठेतल्या चहाच्या दुकानात तो अंक चार दिवस फिरत होता.

खेळाडू सकाळच्या एस. टी. ने पुढे गेले. आम्ही शौकिनांनी एका गुळाच्या व्यापाऱ्याचा ट्रक ठरवला. रविवारी बाजार बंद, म्हणून ट्रक मोकळा मिळाला. माणशी तीन रुपये. आम्ही चाळीसजण रिकाम्या पोत्यांवर बसलो. एक हलगी, एक ताशा, बांबूला लावलेला पेठेचा झेंडा आणि घराघरांतून आलेली भाकरी, झुणका, खर्ड्याची गाठोडी. ट्रकला गुळाचा असा वास होता की संध्याकाळपर्यंत माश्या आमच्या मागे होत्या.

कागल गेले, दूधगंगेचा पूल ओलांडला आणि कर्नाटकाची हद्द लागली. गडहिंग्लज आपल्याच जिल्ह्यात असले, तरी आमची वाट निपाणी-संकेश्वरवरून, म्हणजे परराज्यातून जात होती. हद्द ओलांडताच मैलाच्या दगडांवरची आणि सरकारी पाट्यांवरची लिपी बदलली. आमच्यात दोघे पदवीधर, मी अध्यापक विद्यालयात शिकणारा, एक तलाठी कचेरीतला कारकून. पण कानडी अक्षर कोणालाच येईना. कोणी म्हणाला, “जिलेबी काढल्यागत दिसतंय.” प्रत्येक फाट्यावर ड्रायव्हर खाली वाकून विचारी, “पाव्हणं, ह्यो रस्ता कुठं जातोय?” आणि ट्रकमधून हशा उठे. आम्हाला ती मोठी मौज वाटली. निपाणीला तंबाखूचा वास नाकात शिरला, तवंदीच्या घाटात ट्रकचे पाणी तापले, आणि संकेश्वरला चहा पिऊन आम्ही दुपारी एकच्या सुमारास गडहिंग्लजला पोचलो.

आम्ही मुसलमान नऊ-दहा जण होतो. जोहरच्या नमाजासाठी आम्ही मशिदीकडे गेलो. परत आलो तर बाकीचे तीसजण झाडाखाली गाठोडी न सोडता बसलेले. “तुमच्याबिगर कसं जेवायचं?” एवढेच म्हणाले. ही गोष्ट त्या वेळी मला सांगण्यासारखी वाटली नव्हती. आज वाटते.

बाहेरगावच्या मैदानावर जाणाऱ्या शौकिनाला एक धडा आपोआप मिळतो. हजारो लोकांत आपण चाळीस. आपण ओरडलो तर ऐकू येत नाही, गप्प बसलो तर दिसतो. त्या दिवशी आमच्या ट्रकमधले मराठे, लिंगायत, मुसलमान, सगळे एकाच वेळी अल्पसंख्य होते. कोणी धक्का दिला तर सोसायचे, कोणी जागा दिली तर दुवा द्यायची. प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी हा अनुभव घ्यावा असे मला वाटते.

सामन्याचे वर्णन थोडक्यात करतो. पूर्वार्धात आमच्या संघाने एक गोल केला. उत्तरार्धात चेंडू आमच्या अर्ध्यातून बाहेरच गेला नाही. शेवटची दहा मिनिटे उरली असताना आमच्या बचावपटूच्या हाताला चेंडू लागला आणि पंचांनी पेनल्टी दिली. सगळे मैदान उभे राहिले. आमची हलगी थांबली. आमच्या गोलीने डावीकडे झेप घेतली आणि चेंडू खांबाबाहेर ढकलला. क्षणभर शांतता पसरली. मग पहिली टाळी वाजली ती आमची नव्हती, गडहिंग्लजकरांची होती. सामना आम्ही १-० असा जिंकला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मैदानात येऊन आमच्या गोलीच्या ओंजळीत भाजलेल्या शेंगा ओतल्या आणि म्हणाले, “पोरा, आमाला हरवलास, पर बघाय मजा आली.” खेळ जाणणारे गाव असे असते.

मुंबईचे ते गृहस्थ खरोखरच आले होते. त्यांनी गोलीच्या खांद्यावर हात ठेवला, दोन शब्द बोलले आणि एक छापील कागद दिला. “हा अर्ज भरून द्या. सातवी पासचा दाखला जोडा. बाकीचे मी पाहतो.” गोली म्हणाला, “उद्या पाठवतो, साहेब.” कागद घडी करून त्याने पिशवीत टाकला. आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलो. आता आपला माणूस मुंबईला खेळणार!

शेवटची एस. टी. चुकल्यामुळे खेळाडूही आमच्याच ट्रकमध्ये बसले. सगळे गात होते. गोली मात्र फळीला टेकून गप्प होता. दमला असेल असे आम्हाला वाटले. निपाणीला चहासाठी ट्रक थांबला. दुकानाबाहेरच्या दिव्याखाली त्याने मला बाजूला घेतले आणि पिशवीतून दोन कागद काढले. एक तो अर्ज. दुसरे वर्तमानपत्राचे कात्रण, घड्या पडून मऊ झालेले. म्हणाला, “भाई, ये जरा पढ के बता.”

पुढचे आमचे बोलणे घरच्या दखनीत झाले. ते मी मराठीत सांगतो. मला वाटले, स्तुती पुन्हा ऐकायची हौस आहे. मी थट्टेच्या सुरात भरभर वाचून दाखवले. तो म्हणाला, “सावकाश वाच. माझे नाव कुठे आहे? त्यावर बोट ठेव.” मी बोट ठेवले. त्याने माझे बोट बाजूला केले आणि आपले बोट तेथे ठेवले. गॅरेजातल्या तेलाने काळे झालेले ते बोट बराच वेळ तेथून हलले नाही.

मग मला उमगले. तिसरीत असताना त्याचे वडील वारले आणि त्याची शाळा सुटली. जे काही आले होते तेही विसरले होते. चार दिवस तो कात्रण खिशात घेऊन फिरला, पण आपल्याविषयी काय छापले आहे ते त्याला दुसऱ्यांच्या तोंडूनच कळले होते. सातवीचा दाखला कोठून आणणार?

मी काहीतरी बोलायचे म्हणून बोललो, “अरे, तू कधी सांगितले नाहीस.” तो म्हणाला, “कोणी विचारले?” तेवढ्यात ट्रकमधून कोणीतरी अंधारातल्या कानडी पाटीकडे बोट दाखवून पुन्हा तीच जिलेबीची थट्टा केली आणि सगळे हसले. गोली मला म्हणाला, “तुम्हाला ही पाटी जशी दिसते ना, तशा मला सगळ्याच पाट्या दिसतात. कोल्हापुरातल्यासुद्धा.”

मित्रहो, निपाणी ते कोल्हापूर चाळीस किलोमीटर. तेवढ्या वाटेत मी एक शब्द बोललो नाही. मला लाज वाटत होती ती त्याची नव्हे. आम्ही चाळीसजण त्याचे शौकीन. त्याची उंची, त्याची झेप, त्याला कोणत्या बाजूचा चेंडू जड जातो, हे सारे आम्हाला पाठ. झेंड्यासाठी, ताशासाठी, ट्रकसाठी आम्ही वर्गणी काढली. पण हा मुलगा वाचू शकत नाही, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. आणि हे कोणत्या गावात? ज्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढून दिली, १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदान उभारले आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, त्या कोल्हापुरात. महाराजांनी आम्हाला बोर्डिंगही दिले आणि आखाडाही दिला. आम्ही आखाडा जपला. पण बोर्डिंगच्या दाराबाहेर कोण राहिले ते पाहिले नाही.

दुसऱ्या दिवसापासून रात्री नऊ वाजता तो माझ्याकडे येऊ लागला. पहिले पुस्तक म्हणजे ते कात्रणच. आपले नाव तो आठवड्यात वाचू लागला. पुढची ओळ यायला महिना लागला. सव्वा वर्षाने तो वर्तमानपत्र वाचू लागला. ही गोष्ट येथे गोड करून संपवता आली असती, पण तसे झाले नाही. मुंबईची नोकरी त्याच्यासाठी थांबली नाही. तिला दुसरा गोली मिळाला. अंतिम सामनाही आम्ही हरलो. त्याने पुढे स्वतःचे गॅरेज काढले, बिले स्वतःच्या हाताने लिहिली आणि आपल्या दोन्ही मुलींना मॅट्रिकच्या पुढे शिकवले. एकदा मी त्याला विचारले, “मुंबईचे वाईट वाटते का?” म्हणाला, “वाटते. खोटे कशाला बोलू?”

तेव्हापासून मी वर्गात हजेरी घेतो ती वेगळ्या कानाने घेतली. जो मुलगा खेळात पुढे असतो त्याची गैरहजेरी आपण हसून माफ करतो. ती माफी नव्हे. आपण त्याचा दाखला फाडत असतो. उलट, खेळामुळे मुले बिघडतात असे म्हणून चेंडू काढून घेणारे पालकही मला पटत नाहीत. आमच्या गोलीची शाळा फुटबॉलने सोडवली नव्हती, गरिबीने सोडवली होती. फुटबॉलने तर त्याला पुन्हा पाटीकडे आणले.

आज काळ बदलला आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. ६ एप्रिल २०२४ रोजी आमच्या वडिलांच्या मोहमेडन स्पोर्टिंगने दूर शिलाँगला, परक्या मैदानावर, २-१ असा सामना जिंकून आय-लीगचे अजिंक्यपद मिळवले. ती बातमी वाचताना मला गडहिंग्लजची आठवण झाली. विजयी खेळाडूंच्या गर्दीत असा कोणी असेल का, ज्याला छापलेले आपले नाव दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते?

म्हणून संस्थेच्या चालकांना माझी एकच विनंती आहे. आपल्या शाळेचा संघ निवडताना क्रीडाशिक्षकांनी आधी हजेरीपट मागवावा. जो मुलगा गैरहजर आहे त्याला संघातून काढण्यासाठी नव्हे, तर त्याच्या घरी जाण्यासाठी. मुलींचा संघ असेल तर तिच्याही घरी जावे. आणि ज्यांची शाळा सुटलीच आहे त्यांच्यासाठी रात्री एक खोली उघडी ठेवावी. दिव्याच्या आणि फळ्याच्या खर्चाची पहिली वर्गणी मी आज देऊन जातो. ट्रकसाठी तीन रुपये दिले होते, त्याहून थोडी जास्त आहे.

विद्यार्थी मित्रांनो, सामन्याला जरूर जा. घसा बसेपर्यंत ओरडा. पण परतीच्या वाटेवर, सगळे गात असताना जो एकजण फळीला टेकून गप्प बसला असेल, त्याच्या शेजारी जाऊन बसा.