जकातीची समाईक भाषा

व्यापार म्हटला कीं जकात आलीच. राज्यास उत्पन्न हवें, देशी धंद्यांस संरक्षण हवें. म्हणून सरहद्दीवर नाका बसतो. परंतु जकातीच्या भारापेक्षांही व्यापाऱ्यास अधिक जाच होतो तो अनिश्चिततेचा. एकच माल, पण एका राष्ट्रांत त्याचा वर्ग एक, तर दुसऱ्यांत निराळा. मग नाक्यावर वाद रंगे आणि नाशवंत माल तेथेंच कुजे.

हा घोळ एकट्यादुकट्या राष्ट्राकडून मिटण्यासारखा नव्हता. १९५० सालीं ब्रुसेल्स येथें करार होऊन जकात-सहकार्य मंडळ स्थापन झालें. २६ जानेवारी १९५३ रोजीं युरोपांतील १७ राष्ट्रांचे प्रतिनिधि त्याच्या पहिल्या बैठकीस जमले. भारत १९७१ सालीं सभासद झाला. १९९४ पासून हें मंडळ जागतिक सीमाशुल्क संघटना या नांवानें ओळखलें जातें.

या मंडळाचें मोठें कार्य म्हणजे मालाचें समाईक वर्गीकरण. त्याचा करार १९८३ सालीं झाला व १ जानेवारी १९८८ पासून तो अमलांत आला. त्यांत प्रत्येक जिनसेस सहा आंकडी क्रमांक असतो. पहिले दोन आंकडे प्रकरणाचे, पुढील दोन वर्गाचे, शेवटचे दोन पोटवर्गाचे. १० म्हणजे धान्यें, १००६ म्हणजे तांदूळ, १००६१० म्हणजे भात आणि १००६४० म्हणजे कणी. ज्या अधिकाऱ्यास मराठीचें अक्षरही ठाऊक नाहीं, त्यासही एवढ्यावरून कणी ओळखतां येते. दर ठरविण्याचा हक्क मात्र ज्या त्या राष्ट्राचाच राहतो.

हे आंकडे केवळ कारकुनी नव्हेत. सप्टेंबर २०२२ मध्यें भारतानें कणीच्या निर्यातीस बंदी केली, आणि भातावर मात्र शेंकडा २० निर्यात-जकात बसविली. म्हणजे शेवटच्या दोन आंकड्यांवर पोतें बंदरांतून जावयाचें कीं अडकावयाचें, हें ठरलें.

तथापि सरहद्दीवरील खेडुतास क्रमांकांचें हें शास्त्र काय उपयोगाचें? त्याच्यासाठीं २०११ सालीं मेघालयांत कलाईचर येथें भारत-बांगला देश सीमेवर बाजार उघडण्यांत आला. लगतच्या गांवकऱ्यांस आपला भाजीपाला, फळें जकातीवांचून विकण्याची तेथें मुभा देण्यांत आली. मोठ्या व्यापारास नेमका क्रमांक हवा, लहानास मोकळी वाट हवी. राष्ट्रांच्या सहकार्यांत या दोहोंचीही तरतूद असावयास हवी. कारण नाका कितीही सुधारला, तरी पाटी डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा दिवस वांया गेला, तर तो सुधारला असें त्यास कसें वाटावें?