पाट्यांची परीक्षा
(शाळेच्या हीरक महोत्सवी समारंभातील व्याख्यान)



कोलकात्याची पिवळी टॅक्सी सर्वांच्या परिचयाची आहे. हावडा स्थानकावर उतरलेले अख्खे कुटुंब, त्याच्या ट्रंका आणि वळकट्या पोटात घेऊन ती ट्रामचे रूळ आणि पावसाळ्यातले खड्डे ओलांडत निघे. ही ॲम्बॅसिडर गाडी हुगळीच्या पश्चिम तीरावरील उत्तरपाडा येथे, हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात १९५७ पासून २०१४ पर्यंत तयार झाली. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीवरून ती घडवलेली होती. तिच्या मागील आसाचा भार पोलादी पट्ट्यांच्या कमानीवर असे. गॅरेजमध्ये त्यांना नुसते ‘पाटे’ म्हणतात. ही रचना मोटारीहूनही जुनी. घोड्यांच्या बग्गीकडून ती पहिल्या मोटारींकडे आली.

इतके पाटे कशासाठी? एकच जाड पट्टी का नको? पट्टीची जाडी दुप्पट केली, तर तिचा ताठरपणा आठपट होतो. दोन सुट्या पट्ट्या एकीवर एक ठेवल्या, तर तो दुपटीनेच वाढतो. दहा पाट्यांची चळत एका पाट्याच्या दहापट ताठर असते, तर तेवढ्याच जाडीची अखंड पट्टी हजारपट. अशी पट्टी भार पेलील, पण प्रत्येक खड्डा प्रवाशाच्या कण्यापर्यंत पोहोचवील. वाकण्याचा ताण मधोमध सर्वाधिक असतो, म्हणून तेथे सारे पाटे एकत्र येतात आणि टोकांकडे ते आखूड होत जातात. भार पडला की कमान सपाट होऊन लांबते. त्यासाठी तिचे एक टोक झुलत्या कडीवर टांगतात. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात हेलकावा विरत जातो.

तयार झालेली कमान थेट गाडीखाली जात नाही. तिला दाबयंत्रात नेहमीच्या भाराहून अधिक दाबतात. पहिल्या दाबात ती किंचित बसते. ते अपेक्षितच असते. पुन्हा तोच भार देऊन उंची मोजतात. ती आणखी घटली, तर कमान नापास. नमुन्याच्या कमानी तर पुनःपुन्हा वाकवून, थकलेले पोलाद कधी आणि कोठे तडकते, हेही पाहतात.

पाट्यांना मर्यादाही आहेत. ते जड असतात, गंजले की आखडतात आणि वर्षांच्या ओझ्याने कमान बसते. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि ग्राहक हलक्या, कमी इंधनावर चालणाऱ्या गाड्यांकडे वळले. ॲम्बॅसिडरचे मागील पाटे मात्र अखेरपर्यंत तेच राहिले. मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याचे काम थांबले. गाडीच्या मजबुतीविषयी तेव्हाही कोणाला शंका नव्हती. नव्या काळाची परीक्षा देण्यात ती मागे पडली.

साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या मराठी माध्यमाच्या शाळेपुढेही हाच प्रश्न आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा भार पेलल्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण उद्या प्रवेश घेणारे मूल शाळेच्या पूर्वपुण्याईवर शिकणार नाही. गणित, विज्ञान आणि इंग्रजी आपण कसे शिकवतो, याची उंची शाळेने दरवर्षी नव्याने मोजली पाहिजे. शिक्षक, पालक आणि माजी विद्यार्थी हे या कमानीचे लहानमोठे पाटे आहेत. त्यांनी एकत्र बांधलेले असावे, आणि परस्परांना सरकायला जागाही द्यावी.