ॲल्युमिनियमची घर्षण-जोडणी : उष्णतेचे गणित

जबलपूरहून निघालेला रस्ता कुंडम, शहपुरा, दिंडोरी ही गावे ओलांडून अमरकंटकच्या पठाराकडे जातो. कुंडमची ओळख हिरन नदीच्या उगमाचे स्थान अशी आहे. परंतु या वाटेच्या टोकाला असलेल्या मैकल डोंगररांगेत बॉक्साइट, म्हणजेच ॲल्युमिनियमचे खनिज, सापडते. एकेकाळी ते कोरबा येथील बाल्कोच्या प्रकल्पाकडे जात असे. खनिज देणाऱ्या प्रदेशाच्या वाट्याला बहुधा खाणकामच येते. धातूचे मूल्य मात्र त्याच्या घडणीत वाढते आणि त्या घडणीतील अवघड टप्पा जोडकामाचा असतो.

शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. त्यावरील ऑक्साइडचा पापुद्रा मात्र २००० अंशांच्याही पुढे. वितळलेला धातू हायड्रोजन शोषून घेतो आणि थिजताना तो सोडतो. त्यामुळे सांध्यात सूक्ष्म छिद्रे राहतात. विमानांसाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक उच्चबल मिश्रधातूंना तर थिजतानाच तडे जातात. यावर १९९१ मध्ये ब्रिटनमधील ‘द वेल्डिंग इन्स्टिट्यूट’मध्ये वेन थॉमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाय शोधला : धातू वितळवायचाच नाही. त्यांची पद्धत ‘फ्रिक्शन स्टर वेल्डिंग’ म्हणून ओळखली जाते.

या पद्धतीत पोलादी अवजाराची फिरती पिन दोन पत्र्यांच्या सांध्यात रुतवतात. पिनेवरील रुंद खांदा पृष्ठभागावर घासतो, घर्षणाने धातू लोण्यासारखा मऊ होतो आणि पुढे सरकणारी पिन तो ढवळून मागे दाबून बसवते. तापमान साधारणतः ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान राहते.

उष्णता किती निर्माण होते? समजा, अवजाराला ४० न्यूटन-मीटर आघूर्ण लागते व ते मिनिटाला ६०० फेरे घेते. आघूर्ण गुणिले कोनीय वेग, म्हणजे सुमारे २,५०० वॅट शक्ती. अवजार मिनिटाला २०० मिलिमीटर पुढे सरकत असेल, तर प्रत्येक मिलिमीटरमागे सुमारे ७५० ज्यूल. फेरे वाढवले की उष्णता वाढते, सरकण्याचा वेग वाढवला की ती घटते, असा सोपा नियम यावरून सांगितला जातो. तो अर्धाच खरा आहे. धातू तापून मऊ झाला की आघूर्णही उतरते. म्हणून फेरे दुप्पट केले तरी उष्णता दुप्पट होत नाही. शिवाय खालची आधारपट्टी पोलादाची आहे की तांब्याची, यावर किती उष्णता निसटते हेही ठरते, आणि याकडेच बहुधा दुर्लक्ष होते.

अतिउष्णतेचा तोटा उघड आहे. ६०६१-टी६ या मिश्रधातूचे बळ त्यातील मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म अवक्षेपांवर अवलंबून असते. उष्णतेने हे कण जाडे होतात किंवा विरघळतात. त्यामुळे ताण-चाचणीत पत्रा अनेकदा सांध्याच्या मध्यभागी न तुटता शेजारच्या मऊ पट्ट्यात तुटतो.

उष्णता कमी पडण्याचा धोका अधिक फसवा असतो. पुरेसा मऊ न झालेला धातू पिनेमागची पोकळी भरत नाही आणि आत, बहुधा जिथे अवजाराची फिरण्याची व सरकण्याची दिशा एकच असते त्या बाजूला, बोगदा राहतो. वरून सांधा गुळगुळीत दिसतो. तळाशी दोन्ही कडा एकमेकींना नुसत्या टेकून राहिल्या असतील, तर हा दोष क्ष-किरण तपासणीतूनही निसटू शकतो. २२१९ हा मिश्रधातू भारतीय अग्निबाणांच्या इंधनटाक्यांत वापरला जातो. २०२२ मध्ये झेपावलेल्या अमेरिकेच्या ‘आर्टेमिस-१’ मोहिमेच्या अग्निबाणातील त्याच मिश्रधातूच्या टाक्या याच पद्धतीने जोडलेल्या होत्या. तेथे असा दोष मुळीच परवडत नाही.

पातळ पत्र्यांवरचे प्रयोग भक्कम मिलिंग यंत्रावरही करता येतात. मात्र अवजारावर काही किलोन्यूटन दाब द्यावा लागतो; जुन्या यंत्राच्या स्पिंडलचे बेअरिंग तो सोसेल का, हे आधी पाहणे आवश्यक असते.