नियम तोंडपाठ असलेली माणसं

मुलांना इथवर आणणारे पालक आणि आज वाणिज्य शाखेची पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

माझी सारी नोकरी लेखापरीक्षणात गेली. दुसऱ्यांची व्हाउचरं तपासायची, यातच हयात संपली. या कामात एक गोष्ट फार लवकर कळते. अफरातफर करणाऱ्याला नियम माहीत नसतात, असं मुळीच नाही. त्याला ते तोंडपाठ असतात. किती रकमेपर्यंत साहेबांची सही लागत नाही, हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नसतं. तेव्हा आज हाती पडणाऱ्या पदवीनं तुम्ही जाणकार व्हाल, सरळ व्हालच असं नाही. पालकांनी रागावू नये.

मग जाणकार माणूस बदलतो तरी कशानं? याचं उत्तर शोधताना मला आमच्याच पेशातला एक माणूस आठवतो, ब्रह्मदेशातला. सयाजी ऊ बा खिन. १८९९ साली रंगूनमध्ये साध्या, कष्टकरी घरात जन्म. शालान्त परीक्षेत सुवर्णपदक मिळालं, कॉलेजची शिष्यवृत्तीही मिळाली. पण घराला कमावता हात हवा होता, कॉलेज राहून गेलं. आधी एका वर्तमानपत्रात, मग महालेखापालांच्या कार्यालयात कारकून. १९२६ साली लेखा सेवेची परीक्षा पास झाले; ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानचाच प्रांत होता. पुढे ४ जानेवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी हा एके काळचा कारकून स्वतंत्र ब्रह्मदेशाचा पहिला महालेखापाल झाला.

एवढ्यानं मी त्यांचं नाव काढलं नसतं. बढत्या पुष्कळांना मिळतात. १९३७ च्या जानेवारीत त्यांना सया थेजी नावाच्या शेतकरी गुरूंचा एक शिष्य भेटला. श्वासाकडे नुसतं लक्ष कसं ठेवायचं, हे त्यानं दाखवलं. आठवड्याच्या आत ऊ बा खिन दहा दिवसांची रजा काढून नदीपलीकडच्या त्या गुरूंच्या खेड्यात जाऊन बसले. महालेखापाल झाल्यावर, १९५० साली, त्यांनी आपल्या कार्यालयातल्या लोकांसाठी विपश्यनेचं, म्हणजे याच ध्यानपद्धतीचं, मंडळच काढलं. फाइलींच्या गठ्ठ्यांतून उठून डोळे मिटून बसणारे हिशेबनीस! आपल्याकडे असं कुणी केलं तर आधी युनियनचं पत्र येईल.

१९५५ साली त्यांच्याकडे मंडालेत जन्मलेले एक तरुण मारवाडी उद्योजक आले, सत्यनारायण गोएंका. अर्धशिशीनं बेजार, मॉर्फिनची इंजेक्शनं चाललेली, परदेशातले डॉक्टरही करून झालेले. ऊ बा खिन यांनी त्यांना सांगितलं की, डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका. मनाचा मळ काढायला या. मला हे उत्तर फार आवडतं. खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, याबाबत लेखापाल जितका काटेकोर असतो, तितकाच हा गुरूही. गोएंका काही महिने घुटमळले आणि मग गेले. १९६९ मध्ये ते भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईत घेतलं, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं सुरू झाली. कसारा घाट चढून गेलात की लागतं ते इगतपुरी.

तिथे काय करतात? फोन जमा करतात, बोलणं बंद करतात, पहाटे चारला घंटा होते. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. मग डोक्यापासून पायापर्यंत अंगावर काय काय होतंय ते पाहायचं. कुठे खाज, कुठे ऊब, कुठे मुंग्या. खाज आली तरी लगेच हात न्यायचा नाही. ती येते, वाढते आणि जाते. राग आणि हाव यांचीही खूण आधी अंगावर उमटते, असं या पद्धतीचं म्हणणं. ती खूण वेळेवर दिसली, तर माणूस तिच्यामागे फरफटत जात नाही.

हे तुमच्या कामाचं कसं, ते सांगतो. नोकरीला लागून दोन-तीन महिने झालेत. संध्याकाळी साडेसहाला साहेब केबिनमध्ये बोलावतात. आवाज अगदी मायेचा. ‘‘बाळ, या बिलावर ३१ मार्चची तारीख टाक. सगळेच टाकतात.’’ हे चूक आहे, हे तुम्हाला माहीत आहे. त्या विषयात तुम्हाला ऐंशी मार्क आहेत. पण त्या क्षणी मार्क कुठेच नसतात. घसा कोरडा पडतो, कान तापतात, आणि तुमच्या आधी तुमचं तोंडच ‘हो सर’ म्हणून मोकळं होतं. मी ज्यांची प्रकरणं तपासली त्यांतल्या बऱ्याच जणांची सुरुवात लोभानं झाली नव्हती. ती अशा एका ‘हो सर’नं झाली होती, आणि पुढच्या तारखा त्यांनी न विचारताच टाकल्या. आता त्याच केबिनमध्ये, कान तापलेत, एवढं जरी तुमच्या ध्यानात आलं तरी तोंड पळभर थांबतं. तेवढ्यात मार्क परत येतात. ‘‘सर, मूळ चलन बघून उद्या सकाळी सांगतो,’’ हे वाक्य त्या फटीतूनच बाहेर पडतं. रात्री झोपही लागते.

एक पथ्य मात्र सांगायलाच हवं. ध्यान हे काही रामबाण औषध नव्हे. गंभीर मानसिक आजार असेल तर आधी डॉक्टर. शिबिरंही अशा माणसांना थेट घेत नाहीत. आणि डोळे मिटून बसल्यानं जीएसटी येत नाही, तो वाचावाच लागतो. ऊ बा खिन यांनी लेखा सेवेची परीक्षा दिली होती, हे विसरू नका. सरकारनं त्यांना निवृत्तीचं वय उलटून गेल्यावरही सोडलं नाही. एके काळी तीन-तीन, चार-चार खाती त्यांच्याकडे होती. १९६७ साली सरकारी नोकरी सुटेपर्यंत खाती सांभाळून ते शिकवत राहिले.

इगतपुरीलाच जायला हवं का, असं तुमच्यापैकी कुणीतरी चहाच्या वेळी विचारणारच, म्हणून आत्ताच सांगतो : नाही. जायचंच झालं तर शिबिराला फी नसते. अडचण एकच, दहा दिवसांची रजा. ती एका सरकारी लेखाधिकाऱ्याला १९३७ साली, तेही इंग्रजांच्या राज्यात मिळाली होती. तुमच्या एचआरला हा दाखला जरूर द्या.