ताकाशी शिमुरा

जपानी चित्रपटांचा विषय निघाला म्हणजे दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्यामागोमाग तोशिरो मिफुने या तेजस्वी नटाचे नाव घेतले जाते. परंतु कुरोसावांच्या ३० चित्रपटांपैकी २१ चित्रपटांत ज्यांनी भूमिका केल्या, त्या ताकाशी शिमुरा यांचे स्मरण क्वचितच होते, याची मला खंत वाटते.

ह्योगो प्रांतातील इकुनो या चांदीच्या खाणीच्या गावी १९०५ साली, मूळच्या सामुराई घराण्यात त्यांचा जन्म झाला. ओसाका शहराच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी आणि रात्री विद्यापीठात इंग्रजी वाङ्मयाचे अध्ययन, असा क्रम चालू असताना त्यांना नाटकाचा छंद जडला, कामात हयगय होऊ लागली आणि अखेर ती नोकरी गेली. पुढे नाटकमंडळ्या आणि बोलपट यांतून दुय्यम कामे करण्यात बरीच वर्षे लोटली.

१९५२ च्या ‘इकिरू’ या चित्रपटात मात्र नगरपालिकेची कचेरी पुन्हा त्यांच्या वाट्याला आली. कागदांवर शिक्के मारण्यात ज्याची हयात सरली, अशा वातानाबे नावाच्या खातेप्रमुखाला पोटाचा कर्करोग होतो. डॉक्टर ते लपवितात, पण दवाखान्यात भेटलेल्या एका रुग्णाच्या बोलण्यावरून त्याला सारे उमगलेले असते. सांडपाण्याच्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग व्हावी, हा गरीब स्त्रियांचा अर्ज ज्या दप्तरांतून टोलविला गेला होता, त्याच दप्तरांचे उंबरठे तो मग स्वतः झिजवितो. वरिष्ठांपुढे मान लववून, जवळजवळ कुजबुजत्या स्वरात, पण जागचे न हलता केलेली ती विनवणी पाहताना अभिनय आक्रोशाविनाही किती खोलवर भिडू शकतो, याची मला प्रचीती आली.

त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी ‘सेव्हन सामुराई’मध्ये, मुंडन केलेल्या मस्तकावरून हात फिरवीत शांतपणे व्यूह रचणारा सामुराई काम्बेई त्यांनी उभा केला, आणि त्याच वर्षी ‘गोजिरा’मध्ये, त्याच नावाच्या अक्राळविक्राळ प्राण्याला ठार न मारता त्याचा अभ्यास करावा म्हणणारा वृद्ध शास्त्रज्ञही! खचलेला खातेप्रमुख आणि धीरोदात्त सेनानी या दोघांनाही सारखीच प्रतिष्ठा देणारा दुसरा नट मला ठाऊक नाही. १९८० च्या ‘कागेमुशा’पर्यंत कुरोसावांनी त्यांना अंतर दिले नाही; १९८२ साली शिमुरा निवर्तले.

आपल्या गावी फिल्म सोसायटी असेल, तर तिच्या चालकांकडे ‘इकिरू’चा आग्रह अवश्य धरावा, एवढीच माझी विनंती आहे.